हेमिचचे हंस आणि इतर प्रश्न
(पुस्तकवाल्या काकूंना विचारा)

या महिन्यात टपालाने आणि फोनवर मिळून जे प्रश्न आले, त्यातले बरेचसे एकाच पुस्तकाचे निघाले. सुझन कॉलिन्स यांची 'सनराइज ऑन द रीपिंग', मार्च २०२५ मध्ये आलेली कादंबरी. बडोद्यातल्या शाळाकॉलेजांतल्या मुलांनी ती एकमेकांकडून इतकी मागून-मागून वाचली आहे की माझी प्रत परत आली तेव्हा तिची शिवण उसवली होती आणि मधल्या पानांवर शेव-उसळीचा डाग होता. डागाबद्दल माझी तक्रार नाही. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केलेल्या बाईला डागावरून कळतं की पुस्तक जेवताना सुद्धा खाली ठेववत नव्हतं.

ज्या आजी-आजोबांना यातलं काहीच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅनेम नावाचा एक देश. कॅपिटॉल ही त्याची श्रीमंत राजधानी आणि बाकी बारा डिस्ट्रिक्ट, बहुतेक गरीब. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलायची, रिंगणात सोडायची, आणि एकच जिवंत उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं. साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहायचं. हे 'हंगर गेम्स'. मूळ तीन पुस्तकं २००८, २००९ आणि २०१० ची, नायिका कॅटनिस. तिचा मार्गदर्शक हेमिच हा कायम प्यायलेला, तोंडाळ माणूस. नवी कादंबरी त्याच्या सोळाव्या वर्षाची आहे, म्हणजे पहिल्या पुस्तकाच्या २४ वर्षं आधीची. ते पन्नासावे खेळ. दर पंचवीस वर्षांनी कॅपिटॉल नियम अजून वाकडा करतं, त्या वर्षी मुलं दुप्पट उचलली, ४८.

पुढच्या उत्तरांत शेवट येणार आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल, त्यांनी सरळ पाककृतींच्या पानावर जावं.

काकू, मी नववीत आहे. तिसऱ्या पुस्तकात हेमिच स्वतःच सांगतो की तो जिंकल्यावर दोन आठवड्यांत त्याची आई, धाकटा भाऊ आणि मैत्रीण तिघंही मेले. म्हणजे मला सगळं आधीच माहीत होतं. तरी मी इतकी रडले की आईने पुस्तक काढून कपाटावर ठेवलं. मैत्रिणी म्हणतात, माहीत होतं तर एवढा ड्रामा कशाला? (कारेलीबाग)

बाळ, तुझ्या आजीला विचार, तिने अभिमन्यूचं आख्यान किती वेळा ऐकलंय. देवळात बसलेल्या एकूण एक माणसाला ठाऊक असतं की पोरगा चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही. बुवांनाही ठाऊक, तबलजीलाही ठाऊक. तरी सुभद्रेच्या पोटात असताना त्याने अर्धीच विद्या ऐकली, इथपर्यंत बुवा आले की पदर डोळ्याला लागतातच. आजीला कोणी म्हणत नाही, माहीत होतं तर रडता कशाला.

शेवट माहीत नसतो तेव्हा आपण धावत असतो. पुढे काय, कोण वाचतं, कोण मरतं. शेवट माहीत असला की पाय आपोआप हळू पडतात आणि वाटेतली प्रत्येक बारीक गोष्ट डोळ्यात भरते. सुरुवातीच्या पानांत हेमिच त्याच्या मैत्रिणीसाठी, लेनोर डव्हसाठी, जेलीच्या गोळ्या विकत घेतो. त्या दिवशी त्याचा वाढदिवस आहे आणि चिठ्ठ्या निघण्याचाही दिवस तोच. एरवी ती एक गोड जागा झाली असती, आपण हसून पान उलटलं असतं. पण ही मुलगी जगणार नाही हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू त्या गोळ्या लक्षात ठेवल्यास. आणि अखेरीस त्याच गोळ्यांतून विष येतं आणि तो स्वतःच्या हाताने ती तिच्या तोंडात घालतो. राष्ट्राध्यक्ष स्नोला तिला कसंही मारता आलं असतं. त्याने हेमिचचा हात वापरला. घर जळतं, त्यात आई आणि दहा वर्षांचा सिड जातात, ते भयंकर आहेच. पण माझ्या मते पुस्तकातली सगळ्यांत क्रूर गोष्ट ती गोळी आहे.

आता तिसऱ्या पुस्तकाचा शेवट पुन्हा काढ. युद्ध संपल्यावर हेमिच काय करतो? दारू संपेपर्यंत पितो आणि पुढची रेल्वे येईपर्यंत हंस पाळतो. २०१० मध्ये ते वाक्य वाचून सगळे हसले होते, मीही. दारुड्याला काय सुचेल ते सुचेल! पंधरा वर्षांनी कळलं की लेनोर डव्हकडे हंस होते. जुन्या पुस्तकातला एक शब्दही बदललेला नाही, तरी ते वाक्य आता कोणाला हसवणार नाही. मैत्रिणींना एवढंच दाखव, पुढचं त्या आपणच करतील.

आणि आईला माझा निरोप: ताई, कपाटावरून पुस्तक काढून द्या. रडून मुलगी आजारी पडत नाही. अर्धवट राहिलेल्या पुस्तकाने मात्र झोप उडते.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला हे पुस्तक हवंय. मुलांनी मुलांना मारायचं, ही कसली गोष्ट? आम्ही 'श्यामची आई' वाचून मोठे झालो. हल्लीच्या लेखकांना मुलांसाठी काही चांगलं सुचत नाही का? (मांजलपूर)

ताई, 'श्यामची आई' मी शेकडो मुलांच्या हाती दिलंय. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि पहिल्या रात्रीपासून वाचणाऱ्याला ठाऊक असतं की ही आई आता नाही. म्हणजे रडवणारं पुस्तक मुलांच्या हाती देण्याची आपली रीत जुनीच आहे. तेव्हा रडण्याचा मुद्दा सोडू आणि तुमच्या खऱ्या काळजीकडे येऊ, ती मारामारीची आहे.

कॉलिन्स यांनी सांगितलंय की ही कल्पना त्यांना एका रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना सुचली. एका चॅनेलवर तरुण मुलं कसल्याशा स्पर्धेत धडपडत होती आणि दुसऱ्यावर इराकच्या युद्धाची दृश्यं चालू होती. थकलेल्या डोळ्यांपुढे दोन्ही एकमेकांत मिसळू लागली. त्यांचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामला गेले होते. त्यात ग्रीक पुराणातली ती कथाही मिसळली, अथेन्सने ठरावीक काळाने आपली मुलं-मुली क्रीटच्या चक्रव्यूहात राक्षसापुढे पाठवायची. त्यामुळे मार हा या पुस्तकांत मजेसाठी येत नाही. मजा घेत बघणाऱ्यांची लाज वाटावी म्हणून येतो. तुमच्या चिरंजीवांच्या फोनवर जो बंदुकांचा गेम असेल (असेलच), तो मेलेल्याचं नाव सांगत नाही. या नव्या पुस्तकात प्रत्येक मेलेल्या पोराला नाव आहे.

तरी बाराव्या वर्षी हेच पुस्तक पहिलं देऊ नका. पाचांतलं (मध्ये २०२० साली एक आलं होतं) हे सगळ्यांत जड. अँपर्ट नावाचा बारा वर्षांचाच एक मुलगा आहे, त्याच्या बापाने कॅपिटॉलविरुद्ध काही केलं म्हणून शिक्षा म्हणून मुलाला खेळांत टाकलंय. त्याचा शेवट खारींसारख्या बनवलेल्या प्राण्यांच्या हातून होतो. ते पान वाचून मी पुस्तक उपडं ठेवलं आणि गवार निवडायला बसले. आधी २००८ चं पहिलं पुस्तक द्या, तुम्हीही वाचा. तो ते पेलतो की नाही हे तुम्हाला जेवणाच्या ताटावरच कळेल. पेललं तर हे वर्षा-दोन वर्षांनी.

'हल्लीच्या लेखकां'विषयी पुढच्या अंकात भांडू. तुमच्याशी भांडायला मला आवडेल.

दुसऱ्या पुस्तकात कॅटनिस आणि तिच्याच डिस्ट्रिक्टचा पीटा रेल्वेत बसून हेमिचच्या खेळांची टेप बघतात. त्या टेपमध्ये जे दिसतं ते आणि नव्या पुस्तकात घडतं ते जुळत नाही. लेखिका आपलंच जुनं पुस्तक विसरली का? मी सयाजीराव विद्यापीठात पत्रकारिता शिकतो, म्हणून विचारतोय. (फतेहगंज)

पत्रकारिता शिकतोस आणि टेपवर विश्वास ठेवतोस! अरे, तुझा प्रश्न हेच या पुस्तकाचं पोट आहे.

टेपमध्ये काय होतं ते आठव. सुंदर हिरवं रिंगण, त्यात प्रत्येक फूल, फळ, पाणी विषारी. मुलाखतीत उर्मट उत्तरं देणारा हेमिच. त्याच्याच डिस्ट्रिक्टची मेसिली डॉनर त्याच्याबरोबर काही काळ असते, मग गुलाबी पक्षी तिला मारतात. शेवटी रिंगणाच्या कडेला तो उभा, समोरची मुलगी कुऱ्हाड फेकते, ती अदृश्य भिंतीवर आपटून उलट येते आणि तिचाच जीव घेते. हुशार, नशीबवान, आपमतलबी मुलगा. कॅटनिसने तेवढंच पाहिलं, आपणही तेवढंच पाहिलं.

नव्या पुस्तकात कुऱ्हाड तीच, पक्षी तेच. पण मधलं सगळं कापलेलं होतं हे आता कळतं. हेमिच आणि इतर काही मुलांनी ते रिंगणच बंद पाडायचा बेत केला होता. पाण्याची टाकी फोडून त्याची यंत्रणा बुडवायची. तो थोडासा साधलाही. ते कधी दाखवलंच नाही. त्याहून आधीचं बघ: चिठ्ठ्यांच्या दिवशी हेमिचचं नाव निघालेलंच नसतं. ज्याचं निघतं तो पळतो आणि गोळी खातो. गोंधळात लेनोर डव्हला वाचवायला हा मध्ये पडतो, तर याला उचलतात आणि कॅमेऱ्यापुढे सगळा प्रसंग नव्याने उभा करून घेतात. लुएला ही तेरा वर्षांची मुलगी राजधानीतल्या मिरवणुकीत रथाच्या अपघातात मरते. तर तिच्यासारखी दिसणारी दुसरी मुलगी आणून तिच्या जागी उभी केली जाते. देशाला पत्ता नाही. आणि हे चित्रीकरण कोण करतंय? प्लुटार्क. दुसऱ्या पुस्तकात ज्याला आपण गुपचूप बंडखोरांचा माणूस म्हणून ओळखतो, तोच. त्याच्याविषयी माझं मत अजून ठरत नाही. आईची आणि मुलाची शेवटची भेट सुद्धा त्याने फुटेजच्या बदल्यात घडवलेली आहे.

पुस्तकाच्या आरंभी डेव्हिड ह्यूम या अठराव्या शतकातल्या स्कॉटिश तत्त्वज्ञाचं वचन आहे, त्याचा आशय असा की थोड्या लोकांना पुष्कळांवर इतक्या सहज राज्य करता येतं याचंच मोठं आश्चर्य वाटतं. कॉलिन्स यांनी त्या प्रश्नाचं एक उत्तर कात्रीत शोधलंय. आणि कमाल ही की ती कात्री आपल्यावरही चालवली. २००९ पासून सोळा वर्षं आपण वाचक कॅपिटॉलची कापलेली फीत खरी मानून चाललो होतो, कुणाला शंका आली नाही. मलाही नाही, आणि मी तर त्या पुस्तकावर शाळेत तास घेतले होते.

ह्यूमचाच दुसरा एक मुद्दा तुला आवडेल. आजवर रोज सूर्य उगवला, म्हणून उद्या उगवेलच असं तर्काने सिद्ध करता येत नाही. लेनोर डव्ह आणि हेमिच यावर वाद घालतात. आजवर दर वर्षी या दिवशी मुलं उचलली गेली, म्हणून पुढेही उचलली जातीलच असं कुठंय? कॉलेजात हा मुद्दा संशय म्हणून शिकवतात. त्या पोरीने त्याची आशा करून टाकली.

काकू, हा प्रश्न छापलात तर नाव-गाव नको. आमच्या घरात काका प्यायचे. पहिली तीन पुस्तकं वाचताना मला हेमिच आवडायचा, तो स्टेजवरून पडतो तिथे मी हसलो होतो. नवं वाचल्यावर हसू येत नाही आणि काकांचाही राग येईनासा झालाय. हे बरोबर आहे का, कळत नाही.

तुझं पत्र मी बरेच दिवस टेबलावर ठेवलं होतं.

आपल्या बडोद्याची एक गोष्ट सांगते. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग १९१९ साली इथे, बडोद्यात झाला. गंधर्व नाटक मंडळीने केला, बालगंधर्व सिंधू झाले होते. गडकरी तो बघायला नव्हते, जानेवारीतच गेले होते. त्या नाटकात दोन दारुडे आहेत. तळीराम हसवतो, त्याच्या मंडळाचे प्रवेश आले की थिएटर डोक्यावर घेतात. आणि सुधाकर. बुद्धिमान वकील, सनद जाते, अपमान होतो, तळीराम म्हणतो एकच घ्या, आणि त्या एकाने घर जातं.

पहिल्या तीन पुस्तकांत आपल्याला हेमिचमधला तळीराम दाखवला होता. आता सुधाकर दाखवलाय, किंवा त्याहूनही वेगळा कोणी, कारण हा मुलगा आधी पीतच नव्हता. दारू गाळणाऱ्या बाईकडे कामाला होता, तरी पीत नव्हता. आणि नंतर त्याचं काम काय? दर वर्षी आपल्या डिस्ट्रिक्टची दोन मुलं घेऊन राजधानीला जायचं आणि ती मरताना बघायची. कॅटनिस येईपर्यंत दर वर्षी. शुद्धीवर राहून हे कोणाला जमेल?

पण गडकऱ्यांनी सुधाकरासमोर सिंधू ठेवली, ती विसरू नकोस. ती दळण दळते. मूल जातं, ती जाते. हेमिचच्या घरात सिंधू नाही, कारण स्नोने सगळ्यांना आधीच मारलंय. म्हणून त्याची दारू फक्त त्यालाच जाळते आणि आपल्याला त्याच्यावर प्रेम करणं सोपं जातं. तुमच्या घरी काकू होत्या का? तू होतास. हेमिच का पितो हे कळलं म्हणून तुमच्या काकांचा हिशेब फिटला असं होत नाही. त्यांचं कारण काहीतरी असेल, ते कळलं तर ऐक. राग गेला असेल तर तो ओढून परत आणू नकोस, आणि पुन्हा आला तर पुस्तकाची शपथ घालून दाबू नकोस.

घरात अजून कोणी पीत असेल आणि थांबायचं असेल, तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना जायला पैसे लागत नाहीत, नावही लागत नाही. घरातल्या लोकांसाठी अल-अॅनॉन वेगळं आहे. एवढं मी कादंबरी बाजूला ठेवून सांगते.

आधी २०२० मध्ये स्नोचं पुस्तक, आता हेमिचचं. उद्या कॅटनिसच्या घरच्या त्या मांजराचंही येईल. गाय दूध देते तोवर पिळायची, दुसरं काय? (दांडिया बाजार, वय ७४)

काका, मांजराचं आलं तर मी पहिल्या दिवशी घेईन.

पैसा आहेच. पहिल्या आठवड्यात इंग्रजीतल्या पंधरा लाख प्रती खपल्या, प्रकाशक डोळे मिटून बसणार नाहीत. आणि तुमचा संशय काही ठिकाणी रास्त आहे. जुन्या पुस्तकांतला जो-तो इथे हजेरी लावून जातो. मॅग्ज आहे, वायरेस आहे, बीटी आहे, एफी आहे, कॅटनिसचा बाप हेमिचचा जिवलग मित्र निघतो, आई मेसिलीची मैत्रीण. लग्नाच्या पंगतीत सगळे ओळखीचेच भेटावेत तसं होतं. लेनोर डव्हही मला जरा जास्तच परीसारखी वाटली. राग, हंस, गाणी, सगळं आहे, पण स्वयंपाकघरात चिडचिड करणारी मुलगी म्हणून ती एकदाही दिसत नाही. त्यापेक्षा मेसिली पाहा. शिष्ट, तोंडाने फटकळ, मिठाईवाल्याची मुलगी, सुरुवातीला हेमिचला ती डोळ्यासमोर नकोशी. ती मरते तेव्हा बहीण गेल्यासारखं वाटतं. ती एकटी हे पुस्तक तोलून धरते.

तुम्ही वाचलंय का पण? पत्रावरून वाटलं नाही. माझी प्रत शिवून आली की पाठवते.

कोणत्या क्रमाने वाचू? स्नोपासून सुरू करून काळाच्या ओघाने? (अलकापुरी)

नको. ज्या क्रमाने छापली त्याच क्रमाने: २००८, २००९, २०१०, मग २०२०, मग हे. वरची टेपची गोष्ट वाचली असेल तर कारण सांगायला नको. आधी फसायला हवं.

सिनेमा येतोय ना? मग पुस्तक कशाला, सिनेमाच बघू की. (दोन भाऊ, वाडी)

नोव्हेंबर २०२६ ची तारीख जाहीर झालीय, दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स, ज्यांनी आधीचे बहुतेक केले तेच. तोवर परीक्षा होतील, दिवाळीही होऊन जाईल. पुस्तक चारशेहून थोडी कमी पानांचं आहे, दोघांनी मिळून एक प्रत घ्या. आधी कोणी वाचायचं यावरून मारामारी केलीत तर मला कळवू नका.